यारेलीने गाळलेलं वाक्य

ओरालियाची आई मेक्सिकोत, मिचोआकानमधल्या गावात छातीच्या गाठीने गेली. आईची बहीणही त्याच दुखण्याने. दोघींचीही चाळिशी उलटली नव्हती. घरात याला ‘बायकांचं दुखणं’ म्हणत, तेही आवाज खाली करून.

कॅलिफोर्नियात सलिनासला येऊन लेट्यूसच्या मळ्यात कामाला लागल्यावर ओरालियाने वस्तीतल्या दवाखान्यात हे सांगितलंही होतं. डॉक्टर म्हणाला, “अजून लहान आहात. पन्नाशीनंतर बघू.” डॉक्टरच म्हणतोय म्हटल्यावर तिने पुढे काही विचारलं नाही.

एकेचाळिसाव्या वर्षी गाठ हाताला लागली, तोवर दुखणं काखेपर्यंत पोचलं होतं.

शस्त्रक्रिया झाली, केस गेले, आणि मग कुठे तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात आनुवंशिक तपासणीला पाठवलं. मायलेकी निकाल ऐकायला गेल्या त्या दिवशी दुभाषी आलीच नाही, म्हणून एकोणीस वर्षांची लेक यारेली मधे बसली. समोरची तपासणीवाली बाई हळू आवाजात बराच वेळ बोलली.

“काय म्हणतेय?” ओरालियाने विचारलं.

“रक्तातच दोष आहे म्हणते. आजीकडून आलेला. तुझं काही चुकलं नाही, आई.”

“एवढंच? केवढं बोलली ती.”

“इंग्रजी लांबलचकच असतं.”

ओरालियाला इंग्रजी येत नव्हतं, पण मुकादमांच्या हाताखाली राबून काही शब्द ओळखीचे झाले होते. ‘मुलगी’ हा शब्द त्या बाईने पुन्हा पुन्हा उच्चारला होता, तोही यारेलीकडे बघून.

परतताना तिने गाडी कडेला घ्यायला लावली.

“तुझ्यातही असेल म्हणाली ना?”

यारेली समोरच्या काचेकडे बघत राहिली. “असेल किंवा नसेल. निम्मं निम्मं.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुझ्या तोंडाकडे बघून जीभ उचलेना.”

ओरालियाने तिचं डोकं खांद्यावर घेतलं. छातीशी धरायची सोय राहिली नव्हती.

पुढच्या रविवारी धाकट्या बहिणीकडे, नेरेइदाकडे, धाकट्या मुलाचा बाप्तिस्मा होता. मक्याच्या वाफवलेल्या तमालेंच्या ताटल्या हातात असतानाच ओरालियाने सगळ्या बायकांना आईचं आणि मावशीचं दुखणं नाव घेऊन सांगितलं.

“ताई, चारचौघांत काढायची गोष्ट आहे का ही?” नेरेइदा कुजबुजली. “पोरींची लग्नं व्हायचीत.”

“लग्नापर्यंत जगू तर दे त्यांना.”

नेरेइदाच्या मनाने ते धरलं. नवऱ्याच्या नोकरीचा चांगला विमा होता. महिन्याभरात तिची तपासणी झाली. तिच्यात दोष नव्हता. यारेलीच्या विम्यात मात्र ही तपासणी बसत नव्हती. फोन केला की थांबा म्हणायचे. थांबलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारायचे. ओरालिया रोज संध्याकाळी विचारायची, “आला का गं बोलावा?”

लेट्यूसचा हंगाम संपता संपता ओरालिया गेली.

यारेलीला वसंतात बोलावलं. निकालाच्या दिवशी नेरेइदा सोबत गेली. दोष होता. त्या बाईने पुढचं सगळं नीट समजावलं, दरवर्षी काय तपासायचं, कधी काय ठरवायचं. यारेलीने शांतपणे ऐकून घेतलं. नेरेइदाचे डोळे मात्र वाहत होते.

“मावशी, तुझ्यात तर नाहीये. तू का रडतेस?”

“म्हणूनच गं,” नेरेइदा म्हणाली, आणि तिने भाचीचा हात घट्ट धरला.