गोठ्याचा कॅमेरा आणि फुईचा पाय

मगनभाऊंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चंदन महाराज मगनभाऊंचा मोबाइल हातात धरून त्यावर फुंकर घालत होते.

“खूल, आंधळ्या डोळ्या, खूल! आकाशातल्या सिग्नलांनो, उतरा!”

पडद्यावर कॅमेऱ्यातला मागचा गोठा उमटला. म्हशी निवांत रवंथ करत होत्या. लोकांनी हात जोडले. महाराजांनी फोन मगनभाऊंना दिला आणि चित्र गेलं.

“घरमा डाकीण शे. आजना आज तिले बाहेर काढा,” महाराज गरजले.

सगळ्या नजरा सुगंधाबाईकडे वळल्या. मगनभाऊंची ही विधवा बहीण पंधरा दिवसांपूर्वी माहेरी आली आणि त्याच दिवसापासून पुढच्या घरात मोबाइलवर गोठा दिसेनासा झाला होता.

“मन्हा पायच खराब शे, पोरी. मी जास,” ती भाचीला म्हणाली.

भाची मयूरी नंदुरबारला कॉम्प्युटर शिकत होती. मघापासून ती महाराजांच्या बोटांकडे बघत होती. “फुई, तू कोठे जाऊ नको,” म्हणत तिने आत्याला अडवलं आणि वडिलांच्या हातातून फोन घेतला. “महाराज, आते फुंका. फोन मन्हा हातमा ऱ्हाऊ द्या.”

महाराजांनी तीनदा फुंकलं. आवाज चढला, घाम फुटला. गोठा काही दिसेना.

मयूरीने वायफायची यादी उघडून सगळ्यांसमोर धरली. “दोन नावं आहेत. एक पुढच्या घराचं, एक मागच्या खोलीचं. महाराज फुंकताना अंगठ्याने मागचं निवडतात, फोन देताना पुन्हा पुढचं.” तिने मागचं नाव दाबलं. म्हशी हजर!

“पन पुढलावर काबर दिसत नही?” मगनभाऊंनी विचारलं.

“फुई आली त्या दिवशी तुम्ही तिच्यासाठी मागच्या खोलीत दुसरा राउटर बसवला, कॅमेरा त्याला जोडला. पुढच्या राउटरला तिकडची वाटच माहीत नाही. गोठा मागितला, की तो बाहेर इंटरनेटवर शोधत बसतो.”

तिने पुढच्या राउटरची सेटिंग उघडली आणि ती वाट कायमची लिहून दिली: मागच्या नेटवर्कला जायचं, तर या दुसऱ्या राउटरकडून जा. मागच्या राउटरलाही पुढून येणाऱ्याला अडवू नको म्हणून सांगितलं. मग पुढचं वायफाय निवडलं. पडद्यावर चकती फिरत राहिली. मयूरीने ओठ दाताखाली धरला. फुई तिला खेटून उभी होती.

गोठा दिसला.

महाराज चपला शोधू लागले.

“यंत्र अडलं तर त्याची वायर बघा, सेटिंग बघा, जाणत्याला विचारा,” मयूरी म्हणाली. “बाईचा पाय काय बघता?”

मगनभाऊंची मान वर होईना. सुगंधाबाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

“भाऊ, आन मी निंघी गई असती तं?”