पंजाच्या ठशाचे तीन प्रश्न

संगणकावरच्या परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात राहत नाही. त्यामुळे बाहेर आल्यावर ज्याचा आवाज मोठा, त्याचं उत्तर बरोबर. त्या दिवशी मोठा आवाज माझा होता.

चंद्रपूरबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचे आमचे दोन पेपर होते. सकाळी मराठी, दुपारी इंग्रजी. दोन्हीकडे उतारे वाचायचे आणि त्याखालच्या प्रश्नांना उत्तरं निवडायची. मधल्या दीड तासात आम्ही चौघं पार्किंगच्या पत्र्याखाली डबे उघडून बसलो होतो. मी, वसतिगृहातली माझी रूममेट नंदिनी, आणि आमच्या शिकवणीतले आदेश आणि चंचल. मे महिन्यातला तो पत्रा वरून तव्यासारखा तापला होता, पण डब्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

नंदिनी कुरखेड्याची. उतारा दोनदा वाचल्याशिवाय ती प्रश्नाकडे बघायची नाही. तिच्या त्या संथपणाचा मला राग यायचा. राग कसला, जळफळाटच होता तो, कारण सराव परीक्षेत ती दरवेळी माझ्या पुढे असायची. तिचा खर्च उचलणाऱ्या मोठ्या भावाचा, नागसेनदादाचा, साधा हिशेब होता. यंदा नंबर लागला तर बाहेरगावी विद्यापीठात, नाही लागला तर कुरखेड्याला परत आणि घरी बसून बाहेरून बी.ए. हे तिने मला दहा वेळा सांगितलं होतं. मला काहीच माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

"तो वाघाच्या पंजाच्या ठशाचा उतारा सोपा होता," आदेश भाजी चिवडत म्हणाला. "ठशावरून काय सांगता येते? मी नर का मादी लावलं."

"मीबी तेच लावलं," चंचल म्हणाली.

"मी फक्त दिशा लावलं," नंदिनी म्हणाली. "वाघ कुठी गेला तेवढंच."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मोहर्लीची, माझी आई ताडोब्यात गाइड. वाघाचा विषय निघाला की माझी मान आपोआप ताठ होते.

"बह्याड हायेस का तू?" मी हसले. "चौकोनी ठसा नराचा, लांबट मादीचा. माही माय रोज साहेबलोकाईले दाखवते. तू वाघ तरी पाह्यला का कधी?"

"नाई पाह्यला. पण त्याच्यात लिहून होतं..."

"लिहून होतं म्हणे! मोहर्लीच्या पोरीले वाघ शिकवते!"

आदेश आणि चंचल खो खो हसले. त्या उताऱ्यावर तीन प्रश्न होते आणि तिन्ही त्याच मुद्द्यावर फिरत होते. तीन चूक, वरून निगेटिव्ह मार्क. नंदिनीने बोटांवर मोजलं आणि डबा बंद केला. अर्धी पोळी तशीच आत राहिली.

मी डबा धुवायला नळावर गेले आणि तिथे मला आठवलं. खरं तर वाघ दिसताच मी तो उतारा भराभर चाळला होता. आपल्याला काय शिकवणार हा, असा माज. पण शेवटची ओळ डोळ्यांखालून गेली होती, ती आता लख्ख समोर आली. ओल्या चिखलात ठसा पसरतो, म्हणून त्यावरून नर-मादी ठरवणं फसवं असतं, खात्रीने कळते ती फक्त दिशा. आणि प्रश्न होता, 'लेखकाच्या मते'. माझ्या आईच्या मते नव्हे.

परत जाऊन एवढंच म्हणायचं होतं, "नंदे, तुहंच बरोबर." दहा पावलांचं अंतर. पण आदेश-चंचलसमोर तोंडघशी पडणं मला जमलं नाही. आणि आणखी एक, जे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नंदिनी मान खाली घालून बसली होती, आणि ते पाहून मला बरं वाटलं.

दुसऱ्या पेपरला आत जाताना तिने माझा हात धरला.

"मयुरी, मी वाचते तेच लावते. तेच चुकत असंन तं मंग कसं करू?"

"जास्त खोलात नको जाऊ," मी म्हणाले. "आपल्याले माहीत हाय ते लाव अन् पुढं हो."

आत गेल्यावर मी मात्र प्रत्येक उतारा दोनदा वाचला. चूक माझी, शहाणपण माझ्या पदरात, आणि शिक्षा तिला.

संध्याकाळी ऑटोत ती खुशीत होती. "तू सांगतलं तसंच केलं. उतारे वरवर पाह्यले अन् लावत गेली. पयल्यांदा टाइमाच्या आधी झालं." मी बाहेर बघत राहिले. तेव्हा सांगून काही उपयोग नव्हता, अशी मी स्वतःची समजूत घातली. उपयोग असताना तरी कुठे सांगितलं होतं?

जुलैत निकाल लागला. हैदराबादला माझा नंबर लागला. त्याच दुपारी तिचा फोन आला. ती बांधीत, भाताच्या शेतात, रोवणीला गेली होती, मागे बायांचा गलका ऐकू येत होता. आधी तिने माझं अभिनंदन केलं, मनापासून केलं.

"माहा नाई लागला," ती म्हणाली. "इंग्रजीत पार बुडाली. पण मराठीत मले तुमच्या तिघाइहून जास्त हायेत. मंग त्या ठशाचं माहं बरोबर होतं का?"

"हाव. तुहंच बरोबर होतं."

"तुले कवा समजलं? आज?"

'आज' म्हटलं असतं तर सुटले असते. शब्द अगदी ओठांवर आला होता.

"नाई," मी म्हणाले. "तवाच. डबा धूत होती तवा."

"म्हंजे इंग्रजीच्या आधी?"

"हाव."

बांधीतून कुणीतरी तिला हाक मारली, तिने ओ दिली नाही.

"नागसेनदादा म्हणत होता, यंदा नाई लागला तं अजून एक साल परीक्षेले बस, पैशाचं मी पाहतो," ती म्हणाली. "मीच नाई म्हटलं. मले वाचलेलं समजतच नाई म्हटलं. माह्या त्या दुसऱ्या सालासाठी त्यानं ठेवलेले पैसे काल काकाले त्याच्या पोरीच्या लग्नासाठी देऊन टाकले."