ओढ्यापाशी खाली वळणारा बाण

गेस्ट हाऊसमधलं ते नवं जोडपं निसर्गवाटेवर फिरायला गेलं आणि परत आलं ते धाकट्या दिराच्या गाडीतून, तेव्हाच मालकीणबाईंच्या मनात पाल चुकचुकली. डोंगराला वळसा घालून वाट पुन्हा आपल्याच फाटकाशी येते. बाण बघत चाललं तर लहान मूलही चुकायचं नाही. मग ही धडधाकट माणसं थेट पायथ्याला, दिराच्या दारात कशी उतरली?

"ओढ्यापाशी दोन फाटे आहेत ना, तिथं ताजा पिवळा बाण खाली दाखवतोय," पाहुणी म्हणाली. "तिकडचा उतार कसला निसरडा आहे हो! यांचा पाय मुरगळला."

ताजा बाण! झालं, दुसरं कोण असणार? खालचं जुनं घर सासूसासऱ्यांच्या पश्चात दिराकडे आलं होतं. त्याने नुकत्याच वर दोन खोल्या चढवल्या होत्या. "मीही पाहुणे ठेवीन म्हणतो, वहिनी," असं हसत हसत म्हणालाही होता. हसत हसतच गळा कापतात मेले!

त्यांनी तडक फोन लावला. "भावोजी, पाहुणे हवेत तर तोंडाने मागा. चोरासारखे बाण कसले रंगवता?"

तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही एकदा खाली या. फोनवर नाही सांगता येत."

"मला नकोच ते सांगणं!" म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

मालकांपुढे त्यांनी सगळी कैफियत मांडली. ही वाट मालकांनीच पाडलेली, झुडपं तोडून, दगड हलवून. खोल्या बाईंनी उभ्या केल्या. उद्या त्या उतारावरून कुणी कोसळलं, तर दोघांच्या आयुष्यभराच्या कष्टांना कुलूप लागणार होतं. मालक नुसते "बरं, बरं" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. हल्ली त्यांचं हे असंच! सख्खा भाऊ पडला ना, पाठीशी घालणारच. आतून दोघांचं संगनमत तर नाही? नवऱ्यावर असा संशय घ्यावा लागला म्हणून त्यांना रडूच फुटलं.

त्यांनी स्वतः जाऊन बाण खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर, आधीपेक्षा ठसठशीत. आता मात्र त्यांनी कंबर कसली. पाहुण्यांचा नाश्ता उरकला, बाजारात जाते अशी थाप मारली आणि ओढ्याजवळच्या खडकाआड दबा धरून बसल्या. आज भावोजींना पकडून चांगलं फैलावर घ्यायचं.

पावलं वाजली. पण खालून नाही, वरून.

हातात डबा आणि ब्रश घेऊन मालक आले. फाट्यावर थांबले, दोन्हीकडे बघितलं, पुन्हा बघितलं. मग खाली वाकून बाणावर सावकाश ब्रश फिरवू लागले.

म्हणजे खरंच! तळपायाची आग मस्तकात गेली. बाई तरातरा पुढे झाल्या. "अहो, हे काय चाललंय तुमचं? कशासाठी?"

मालक दचकले नाहीत की ओशाळले नाहीत. "घराची वाट आहे," ते म्हणाले. "मधूनच हरवते. म्हणून खूण करून ठेवतो."

"घर वर आहे आपलं!"

"छे छे, वर पाहुणे राहतात. आमचं घर खाली." त्यांनी बाईंकडे नीट निरखून पाहिलं आणि अदबीनं हसले. "तुम्ही वरच उतरलात का? वाट चुकलात वाटतं."

इतके दिवस बाईंनी कुणाकुणावर दात खाल्ले, आणि शेजारच्या खुर्चीतलं माणूस हातातून निसटत होतं ते दिसलंच नाही. ओरडावं, त्यांना गदागदा हलवावं असं वाटलं. हात उचललाही त्यांनी, पण तो मालकांच्या बाहीपाशीच थांबला.

"हो," त्या म्हणाल्या. "चुकले."

"मग चला माझ्याबरोबर. इथल्या वाटा मीच पाडल्यात."

मालकांनी डबा उचलला आणि ते उतरू लागले. निसरड्या जागी थांबून त्यांनी मागे वळून हात पुढे केला. बाईंनी तो घट्ट धरला आणि त्या त्यांच्या मागोमाग दिराच्या घराकडे उतरत गेल्या.