चाकामागचा दगड

मोरूने ड्रायव्हरकी सोडली त्याला सात-आठ वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत त्याने खाणीत दगड फोडले, दुसऱ्याच्या खाचरात चिखल तुडवला, भिवपुरीच्या वीजघराच्या चाळींना चुना फासला. गाडीच्या वाटेला मात्र तो गेला नाही. खोपोलीच्या नाक्यावर कुणी ट्रक सुरू केला, की हा पाठ फिरवून विडी पेटवायचा. हौस फिटली याची, असं लोक म्हणायचे. लोकांना बोलायला काय जातं! हौस होती तशीच होती, गेली होती ती हिंमत.

का गेली, तेही सगळ्या खालापुराला ठाऊक होतं. बोरघाटात भरलेली गाडी चढाला थकली, की ड्रायव्हर ब्रेकवर पाय दाबून थांबतो. क्लीनर खाली उडी मारतो, मागच्या चाकामागे दगड लावतो आणि गाडीच्या फळीवर दोन थापा मारतो. त्या दोन थापा कानांवर आल्याशिवाय ब्रेकवरचा पाय उचलायचा नाही, हा घाटाचा कायदा. दुसरा कायदा असा, की गाडी निघाली की क्लीनरने तो दगड उचलायचा, मागच्या गाडीच्या वाटेत सोडायचा नाही. त्या दिवशी मागे मोटारवाले भोंग्यावर भोंगे मारत होते, ऊन मी म्हणत होतं, आणि मोरूला वाटलं, एव्हाना लागला असेल दगड. त्याने पाय उचलला. दगड लागला नव्हता. चाकामागे वाकलेला क्लीनर धाऊ होता, मोरूच्या बायकोचा पाठचा भाऊ.

सोनुबाईने त्यावर नवऱ्याला एका शब्दाने विचारलं नाही. भांडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. ती रोज भाकरी वाढायची, आजारपणात पाय चेपून द्यायची, आणि भाऊबीजेला अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची, भाऊ नसलेल्या बाया ओवाळतात तशी. मोरू दाराआडून बघायचा. त्या एका रात्रीत त्याला वर्षभराची शिक्षा मिळायची.

आता लढाई सुरू होती. जावई पलटणीबरोबर गेला तो गेलाच, त्याचा काही ठावठिकाणा नव्हता. मुलगी शकू बाळंतपणाला आली आणि इथेच राहिली. दुकानात धान्य येईना, आलं तर किडकं, तेही पुढच्या माणसापर्यंत संपायचं. घरात कंदमुळं उकडून चालली होती. शकूच्या अंगावर दूध नव्हतं. पोर आधी रडायचं, मग नुसतं कण्हायचं, आणि चार दिवसांपासून तेही बंद झालं होतं. मोरू उठून त्याच्या नाकाशी बोट धरून बघायचा. माणसाचं हसं व्हावं अशी त्याची अवस्था होती, फक्त हसायला कुणाच्या अंगात बळ नव्हतं.

पोपटशेठच्या ट्रकवरचे ड्रायव्हर लष्करात गेले होते. जो गाडी हाकेल त्याच्या घरी शेठ तांदूळ पोचवतो, अशी बोलवा होती. मोरू जाऊन त्याच्या पायरीशी उभा राहिला.

"तू?" शेठ म्हणाला. "तू तर गाडीला हात न लावायची शपथ घेतली व्हतीस."

"घेतली व्हती."

"हे बघ मोरू, लाकडं भरून गाडी उभी हाय. लोणावळ्याला पोचवून दाखव. पोचवलीस तर उद्यापासनं गाडी तुझी, आन् तांदूळ आजच घरी जातील. पण किलनर तुझा तू आण. माझी माणसं तुझ्या चाकामागं दगड धरायची नायत."

मोरू गावभर फिरला. पदू म्हणाला, माझं अंग दुखतंय. सखाने पोरंबाळं पुढे केली. नामाने तर खरं ते तोंडावर सांगितलं, "जीव वर आला नाय माझा." मोरूला राग आला नाही. तो स्वतः तरी कुठे गेला असता?

घरी येऊन तो ओट्यावर बसला. सोनुबाईने सगळं ऐकलं, आत जाऊन शकूकडे पाहून आली, आणि लुगड्याचा काचा कसून घालायला लागली.

"मी येते," ती म्हणाली.

"वेडी हाय का तू? तुला काय ठावं त्यातलं?"

"दगड लावायचा, दोन थापा मारायच्या. माझा भाऊ करायचा न्हवं?"

भावाचं नाव नाही, पण भाऊ हा शब्द त्या घरात इतक्या वर्षांनी बोलला गेला. मोरूने मान खाली घातली.

गाडीही आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. पेट्रोलवर सरकारचा ताबा, म्हणून टपाच्या बाजूला कोळशाची भट्टी बसवलेली. तिच्या धुरावर इंजिन चालायचं, म्हणजे चालवून घ्यावं लागायचं. सपाटीवर ठीक, चढ आला की म्हातारीसारखं धापा टाकणार. शेठने बाटलीभर पेट्रोल दिलं आणि बजावलं, अगदीच अडलास तर वापर. मोरूने स्टिअरिंगवर हात ठेवला तेव्हा तळवे घामाने निसटत होते. पायांना मात्र सगळं आठवत होतं. खोपोली मागे पडली तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, त्याला बरं वाटलं, आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

सोनुबाई शेजारी दगड मांडीवर घेऊन बसली होती. खाली ठेव म्हटलं तरी ठेवला नाही.

अर्ध्या घाटात उंबराचं वळण आलं, धाऊ गेला तेच. मोरूने मनातल्या मनात हातापाया पडून गाडीला विनवलं, इथे नको. कुठेही थांब, इथे नको. भट्टीने एक काळा भपकारा सोडला आणि इंजिन तिथेच बसलं. त्याने ब्रेक दाबला. हातब्रेक नावाला होता. सोनुबाई दगड कडेवर घेऊन उतरली आणि मागे गेली.

मागून लष्कराच्या लॉऱ्या येऊन ठेपल्या. पहिला भोंगा वाजला, मग सगळेच. मोरू कान देऊन बसला. थापा आल्या नाहीत.

बाजूच्या आरशात लाकडांची टोकं दिसत होती, चाक दिसत नव्हतं. उतरून बघावं तर पाय काढावा लागणार. "लागला का गं?" त्याने हाक मारली. भोंग्यांत हाक बुडाली. दगड लावायला इतका वेळ लागतो होय? पडली का ती? की लागला दगड, आणि थापा मारायचं विसरली? विसरलीच असेल. लागलाच असेल एव्हाना.

हा विचार त्याच्या ओळखीचा होता. 

त्याने दोन्ही पाय ब्रेकवर ठेवले. मांडीत गोळा आला, गुडघा थाडथाड उडायला लागला. कुणीतरी मागून शिवी हासडली. मोरूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. पाय तुटला तरी चालेल, पण उचलायचा नाही, एवढंच तो स्वतःला सांगत राहिला.

मग त्याच्या बाजूच्या दाराशी सोनुबाई येऊन उभी राहिली. दगड अजून तिच्या कडेवर होता.

मोरू बघतच राहिला. "दगड लावला नायस?"

"नाय."

"मग कुठं व्हतीस इतका वेळ?"

"चाकामागं. तो व्हता तितंच." तिचा आवाज चढला नव्हता. "मला बघायचं व्हतं, तुमी थांबता का नाय."

"मेली असतीस."

"व्हय."

"शकूचं काय झालं असतं? त्या पोराचं?"

"म्हणून तर बघितलं. पुढंमागं दुसऱ्या कुणाला तुमच्या मागं उभं करायचं, तर आधी मला बघाया नको?" मग तिने दगड दुसऱ्या कडेवर घेतला.  "त्याच्यासाठी का नाय थांबलात? इतकंच थांबायचं व्हतं. इतकंच."

मोरूने ब्रेक आणखी जोरात दाबला.  तिने पदराने तोंड पुसलं आणि ती मागे गेली. दगड चाकाखाली सरकल्याचा आवाज आला. फळीवर दोन थापा पडल्या, जोरात, नीट.

मोरूचा पाय उठेना. थापा पुन्हा पडल्या. तेव्हा त्याने गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि पाय वर ओढला. गाडी जराशी मागे कलली आणि दगडावर टेकून उभी राहिली.

त्याने भट्टी ढवळली, पेट्रोलची बाटली रिकामी केली. पेट्रोलच्या हिसक्यावर गाडी निघाली, आणि एकदा निघालेली गाडी त्या चढावर थांबवणं शक्य नव्हतं. दगड उचलायला थांबलेली सोनुबाई मागेच राहिली. शिंगरोबाच्या देवळाशी सपाटी लागली तेव्हा कुठे त्याने ब्रेक लावला. खाली उतरून तो रस्त्याकडे बघत बसला. लॉऱ्या एकामागून एक निघून गेल्या. ती आता येणारच नाही, वळणावरूनच खाली माहेरच्या वाटेला लागली असेल, असं त्याला वाटायला लागलं, आणि तसं झालं असतं तर तिला बोल लावायला त्याला तोंड नव्हतं.

ती आली. घामाने निथळत, अनवाणी, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर तो दगड.

"इतका वर कशाला आणलास?" मोरू म्हणाला. "कडंला टाकायचा व्हता."

सोनुबाईने दगड गाडीत नेऊन ठेवला, आपल्या जागेच्या पायाशी.

"उद्या लागंल," ती म्हणाली.