तोरोचं तिकीट

शैलेंद्रला नावं ठेवायला जागा नव्हती, हीच नेत्राची पंचाईत. तो कधी आवाज चढवत नसे, भांडी घासे, आणि कुठलंही काम सांगितलं की "ग्रँड, होऊन जाईल" म्हणे.

लग्नाआधी नेत्रा दिंडोरीच्या एका वायनरीत लॅब सांभाळायची. लग्न झाल्यावर त्याच्या मागोमाग आयर्लंडमधल्या ब्युमॉन्टला आली आणि घर सांभाळू लागली. लॉकडाऊनमध्ये तिनं पुन्हा अभ्यास काढला आणि स्पेनमधल्या तोरोच्या रेड वाइनवर तिचा जीव जडला. काळीकुट्ट, पहिल्याच घोटाला जीभ आवळणारी वाइन. युरोपभरच्या वेली मारणारी मुळांची कीड तिथल्या वाळूत टिकली नाही, म्हणून शंभर-शंभर वर्षांच्या वेली अजून उभ्या. तिथल्या एका लहानशा वायनरीच्या मालकीणबाई, पिलार, तिच्याशी व्हिडिओवर तासन्‌तास बोलत. त्यांनी तिला २०२१च्या तोडणीला बोलावलं. आठवडाभर येऊन बघ, म्हणाल्या, जमलं तर पुढच्या वर्षी कामावरच घेते. इतक्या वर्षांनी कुणाला तरी नेत्रा तिच्या कामासाठी हवी होती! दोघांची तिकिटं काढली.

शैलेंद्रकडे आता आयरिश पासपोर्ट होता. नेत्राचा भारतीयच, म्हणजे तिला स्पेनचा व्हिसा हवा. त्यासाठी अर्ज द्यायला जायची तारीख घ्यायचं काम त्यानं जूनमध्ये आपल्याकडे घेतलं. तिनं आठवण करून दिली की ग्रँड म्हणायचा. ऑगस्टच्या शेवटी त्यानं साइट उघडली, तेव्हा तोडणी संपेपर्यंत एकही तारीख नव्हती. त्याला खरंच वाईट वाटलं. दोन दिवस स्वयंपाक त्यानंच केला. मग म्हणाला, तिकिटं कशाला फुकट घालवायची, नाव बदलून उल्हासला नेतो, पिलारबाईंना व्हिसाचं मीच समजावून सांगतो. उल्हास त्याच्या ऑफिसातला, पासपोर्ट त्याचाही आयरिश, पण वाइन आणि कोकम सरबत यांतला फरक न कळणारा. नेत्रानं हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर तीच खडूस ठरली असती.

तोडणीच्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल आला. बुटक्या वेलींत गॉगल लावून उभा असलेला शैलेंद्र म्हणाला, ऊन नुसतं भाजून काढतंय, तू आली नाहीस ते बरंच झालं. शिवाय आपल्या नाशिकसारखंच आहे सगळं, विशेष काही नाही.

नेत्रानं राग गिळला. त्याच्या जिभेनं का होईना, तिला तोरो चाखायचं होतं. द्राक्ष पिकलं की नाही ते बी चावल्यावर कळतं. कच्चं बी कडू, पिकलेलं भाजक्या दाण्यासारखं.

"एक मणी खा," ती म्हणाली. "आणि बी चावून सांग, कसं लागतंय?"

त्यानं मणी तोंडात टाकला आणि बी थुंकून दिलं.

"बी कोण खातं, अगं? गोड आहे की."

तेवढ्यात पिलारबाईंनी फोन हातात घेतला. मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, तुला आता यात आवड उरली नाही, असं तुझा नवरा म्हणाला. असू दे, होतं असं.

नेत्राच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं सगळं खरं सांगून टाकलं, जूनपासूनचं. पिलारबाईंनी ऐकून घेतलं. मग हळहळत म्हणाल्या की पुढच्या वर्षीची जागा त्यांनी आज सकाळीच दुसऱ्या मुलीला कबूल केली.

फोन शैलेंद्रकडे परत गेला. तो चार पावलं लांब जाऊन खालच्या आवाजात म्हणाला,

"परक्या माणसांसमोर माझी शोभा करायची काय गरज होती, नेत्रा?"