पूर्ण नाव

दुकानदारानं सागवानी फळी यंत्राखाली सरकवली आणि मान वर न करताच विचारलं,

"आडनाव?"

"नको," प्रफुल्ल म्हणाला. "नुसती नावं. प्रफुल्ल, संजना, अंजली. खाली एखादं फूल टाका."

धोंडीराम गुरुजी त्याच्या मागंच उभे होते. नातीनं अर्धवट खाऊन त्यांच्याकडे दिलेलं मक्याचं कणीस हातात होतं. भेळवाल्याला 'तिखट नको' सांगावं इतक्या सहज मुलानं ते सांगितलं होतं.

"आडनाव टाकायचं," गुरुजी म्हणाले.

"बाबा, जागा पुरत नाही."

"फळी मोठी घे."

"डिझाइनच तसं आहे."

दुकानदार दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. भिमाबाई पुढं झाल्या आणि नवऱ्याच्या बाहीला हलकेच धरून हळू आवाजात म्हणाल्या,

"पोराचं घर हाय. त्याला करू द्या त्याच्या मनासारखं. तुम्ही चला बरं."

गंगापूर रोडच्या फ्लॅटची किल्ली मिळून आठवडाही झाला नव्हता. येत्या रविवारी सगळ्यांनी मिळून तिथं राहायला जायचं होतं, म्हणून आज ही चैन. सकाळपासून पाळणे झाले, पाण्यातल्या घसरगुंड्या झाल्या, आणि आता रिसॉर्टच्या बाजारपेठेत रमतगमत फिरायचं, दाराला लावायला नावाची पाटी घ्यायची, असा बेत होता. बाजारपेठ म्हणजे कुठल्याशा परदेशी गावाची नक्कल होती. दोन्ही बाजूंना गुलाबी-पिवळी तीन मजली घरं, वरच्या खिडक्यांत फुलांच्या कुंड्या, कुंड्यांत प्लास्टिकची फुलं. खिडक्यांवर पडदेसुद्धा रंगवून काढले होते. मागं घरं नव्हतीच, नुसत्या भिंती. गुरुजींना सकाळी त्याची गंमत वाटली होती. आता तेच बघून डोकं उठलं.

अंजली आणि संजना टोप्यांच्या दुकानात शिरल्या. भिमाबाई त्यांच्यामागून गेल्या. बापलेक बाहेर राहिले.

"लाज वाटते का?" गुरुजींनी विचारलं.

"कशाची लाज? आता कोणी लावत नाही आडनाव. इथंच बघा, सगळ्यांच्या बिल्ल्यावर नुसतं पहिलं नाव आहे."

"नोकराचंच लावतात तसं. मालकाचं आडनाव बघ की, कमानीवर केवढं आहे. हायवेवरून वाचता येतं."

समोरून एक माणूस अस्वलाचा पोशाख घालून पोरांशी हात मिळवत चालला होता. त्यानं गुरुजींच्या पुढंही पंजा केला. गुरुजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की अस्वल मुकाट्यानं पुढं गेलं.

"बाबा, तुम्हाला सांगितलं नव्हतं," प्रफुल्ल खाली बघत म्हणाला. "आधीच्या सोसायटीत अंजली त्या खालच्या मजल्यावर खेळायला जायची ना? एकदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. त्या मुलीच्या आजीनं तिला पूर्ण नाव विचारलं. अंजलीनं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दाराबाहेरच खेळायचं ठरलं. पाणी घरून न्यायचं. पोरीनं मला विचारलं, पप्पा, आपण काय केलं? मी काय सांगू तिला?"

गुरुजींच्या हातातलं कणीस कलंडलं. नातीची ती तांबडी पाण्याची बाटली, जिन्यावरून खाली जाताना गळ्यात अडकवलेली, त्यांना आठवली. शाळेतली सवय असेल, असं ते तेव्हा समजले होते.

"म्हणजे घाण त्यांनी केली आणि नाव आपण पुसायचं," ते म्हणाले.

"पुसत नाही मी. दारावर लावत नाही, एवढंच."

"मी कळवणला असताना..."

"तुमचं वेगळं होतं," प्रफुल्लनं पहिल्यांदाच आवाज चढवला. "गावात सगळ्यांना ठाऊक होतं तुम्ही कोण ते. लपवायची सोयच नव्हती. मला सोय आहे, बाबा. ती मी वापरणार."

गुरुजींनी अस्वलाच्या तोंडाच्या कचरापेटीत कणीस कोंबलं आणि चालायला लागले. मागून "बाबा" अशी हाक आली. ती त्यांनी ऐकली आणि ऐकली नाही. रागाचं एक बरं असतं, पाय दुखत नाहीत. खेळण्यांची दुकानं मागं पडली, आइस्क्रीमच्या गाड्या मागं पडल्या, आणि कारंज्याच्या पलीकडे एका बाकावर ते धपकन बसले. फोन संजनाच्या पिशवीत होता. पाण्यात उतरताना सगळ्यांचे फोन तिनं गोळा केले होते. बरंच झालं, त्यांना वाटलं.

ते धुमसत राहिले. कळवण तालुक्यातल्या शाळांत जन्म गेला त्यांचा. दर जूनला शाळा उघडली की पहिल्या तासाला ते फळ्यावर स्वतःचं पूर्ण नाव लिहायचे, धोंडीराम लक्ष्मण पगारे, आणि एकेका पोराला उभं करून नाव सांगायला लावायचे. स्वतःचं, बापाचं, आडनाव. काही पोरं पहिली दोन नावं खणखणीत सांगायची आणि आडनाव गिळायची. कोणती पोरं, ते गुरुजींना वेगळं सांगायला नको होतं. ते म्हणायचे, "ऐकू आलं नाही. मोठ्यानं." पोरगं पुन्हा म्हणायचं. "अजून मोठ्यानं." वर्ग हसायचा, पोरगं लाल व्हायचं, पण जूनच्या अखेरीला त्याचा आवाज मोकळा झालेला असायचा. प्रफुल्लही त्याच वर्गात शिकला. तो तर इतक्या मोठ्यानं सांगायचा की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून बघायच्या.

बाकाशेजारच्या खोट्या दगडातून गाणं वाजत होतं. ते थांबलं आणि एका मुलीचा गोड आवाज आला.

"कृपया लक्ष द्या. नाशिकहून आलेले श्री. धोंडीराम, पांढरा शर्ट, वय अडुसष्ट, आपण जिथे असाल तिथून मदत केंद्राकडे यावे. आपले कुटुंबीय आपली वाट पाहत आहेत."

गुरुजी अर्धे उठले होते. पुन्हा बसले.

श्री. धोंडीराम. पुढं काहीच नाही. म्हणजे माइकवर पुकारायला दिलं तेव्हाही पोरानं आडनाव गिळलं. बाप हरवला तरी चालेल, आडनाव ऐकू जायला नको. गुरुजींच्या कानशिलातली शीर उडायला लागली. आता बघतोच, ते मनाशी म्हणाले. पूर्ण नावानं पुकारल्याशिवाय हा धोंडीराम इथून हलत नाही. मग रिसॉर्ट बंद झालं तरी बेहत्तर.

शेजारी एक बाई बाळाला झोपवत बसली होती. तिनं त्यांच्या पांढऱ्या शर्टाकडे पाहिलं.

"काका, तुम्हाला तर नाही बोलवत?"

"नाही," गुरुजी म्हणाले. "त्यांनी दुसऱ्याच कुणाला बोलावलं."

गाणं सुरू झालं आणि पुन्हा तुटलं.

"श्री. धोंडीराम, नाशिक. आपली नात अंजली रडत आहे. कृपया मदत केंद्राकडे यावे."

हे मात्र लागलं. अंजली रडायला लागली की तिला उचकी लागते आणि ती लवकर थांबत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले. मग पुन्हा तोच विचार आला, की पोरीचं रडणं पुढं करतात, पण एक शब्द जास्त बोलत नाहीत. हात तसेच राहिले. आपण एका लहान पोरीला रडवत बसलोय याची त्यांना शरम वाटली, आणि शरम वाटली म्हणून राग आणखी वाढला. त्यांनी कारंज्याकडे पाठ केली.

थोडा वेळ गाणं वाजलं. मग एकदम खरखर झाली, काहीतरी आपटल्याचा आवाज आला, आणि सगळ्या बाजारपेठेतल्या खोट्या दगडांतून एक जाडसर आवाज घुमला.

"ह्याच्यात बोलायचं का? असं, तोंडापाशी? बरं."

मग नुसता श्वास. लोक वर बघायला लागले, आवाज वरूनच येतोय असं वाटून.

"धोंडीराम लक्ष्मण पगारे."

गुरुजी जागच्या जागी ताठ झाले.

भिमाबाईंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. घरात 'अहो', बाहेर 'गुरुजी', पाहुण्यांत 'प्रफुल्लचे बाबा'. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना नवऱ्याचं नाव विचारलं की त्या जवळ असेल त्या पोराला पुढं ढकलायच्या, "सांग रे तू." लग्नात बायकांनी उखाणा घ्यायला लावला होता, पण तेव्हा त्यांनी तोंडावर पदर धरला होता आणि बायका आधीच हसायला लागल्या होत्या. गुरुजींना काही ऐकू आलं नव्हतं.

"मी भिमाबाई धोंडीराम पगारे बोलते," आवाज पुढं म्हणाला. आता त्याला जोर चढला होता. "पोरगी रडून रडून लाल झाली. तुमचा राग लय मोठा हाय, ठाऊक हाय मला. त्या रागापायी तुम्ही मला चार लोकांत तुमचं नाव घ्यायला लावलं. आता घेतलं मी. ऐकलं ना? मग उठा आन् या. मी ह्या बाईच्या खुर्चीतनं हलणार नाय."

बाळाची आई हसू दाबत होती. पलीकडे दोन पोरं "धोंडीराम, धोंडीराम" करत पळाली. गुरुजींना त्याचं काहीच वाटलं नाही. ते उठले. आडनावासाठी अडून बसले होते आणि आडनाव आलंही होतं, पण कानात घुमत होतं ते पहिलंच नाव. त्यांचं नाव असं ऐकू येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

वाट चुकली म्हणून एका चौकीदाराला विचारावं लागलं.

"तुम्हीच का ते पगारे?" त्यानं विचारलं.

"हो. मीच पगारे," गुरुजी गरजेपेक्षा मोठ्यानं म्हणाले.

मदत केंद्राच्या दारात अंजली येऊन त्यांच्या पोटाला बिलगली. उचकी चालूच होती. "आज्जीनं तुमचं नाव घेतलं," ती हुंदक्यांतून म्हणाली. संजनानं फोन आणि पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली. आत माइकवाली मुलगी उभी होती, कारण तिच्या खुर्चीत भिमाबाई बसल्या होत्या. डोक्यावरचा पदर सारखा करून त्या उठल्या, नवऱ्याकडे न बघता त्यांच्या शेजारून गेल्या आणि चालू लागल्या. प्रफुल्लचे कान लाल होते. बापलेकांची नजर एकदा भेटली आणि दोघांनीही ती काढून घेतली.

गाडीकडे जाताना वाटेत पाटीचं दुकान लागलं. पाटी तयार होती. दुकानदारानं कागद सोडून दाखवली. तीन नावं, खाली फूल. काम सुबक होतं.

प्रफुल्लनं ती हातात घेतली आणि नावांवरून अंगठा फिरवला.

"हिच्यापेक्षा मोठी फळी आहे?"

"आहे की. पण ही झाली ना, साहेब."

"ही अंजलीच्या खोलीला लावू. दुसरी करा."

"सांगा नाव."

प्रफुल्लनं तोंड उघडलं. मागं चारपाच जण रांगेत होते. त्यानं ओठ मिटले आणि आईकडे वळला. आवाजात अजून रागच होता.

"आई, मघाशी माइकवर काय म्हणालीस, ते सांग ह्यांना."

"काय म्हणाले मी?"

"तुझं नाव."

"तुमच्या भांडणात मला नका घेऊ," भिमाबाई म्हणाल्या. "एकाला लावायचं, एकाला लावायचं नाय. दोघांनी मिळून माझी शोभा केली."

अंजलीनं उचकी दिली. भिमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या डोक्यावरची नवी टोपी नीट केली. मग काउंटरवर, तिथंही माइक असल्यासारख्या, पुढं झुकल्या.

"भिमाबाई," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"मोठ्यानं, आजी. गाणं चालू आहे, ऐकू येत नाही," दुकानदार म्हणाला.

गुरुजी पाठ करून उभे होते. समोरच्या भिंतीवरच्या रंगवलेल्या खिडकीकडे बघत होते.

"भिमाबाई धोंडीराम पगारे," भिमाबाई अशा म्हणाल्या की रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. "त्याच्याखाली ह्या तिघांची टाका. आन् ते फूल नको. पिंपळाचं पान हाय का तुमच्याकडं? ते टाका."

"आहे ना, आजी."

"आजोबा, बघा ना, पान आलं," अंजलीनं आजोबांचा शर्ट ओढला.

गुरुजी वळले नाहीत. मुलावरचा राग अजून गेला नव्हता, पण तोंडावर तो राहिला नव्हता, आणि प्रफुल्लला ते इतक्यात दिसू द्यायचं नव्हतं.