क्रॅबट्रीचा ओढा

माझी बायको आर्डिथ फेब्रुवारीत गेली. मे महिन्यात मी तिची गळाची काठी भिंतीवरून उतरवली आणि ओटिस क्रॅबट्रीकडे परवानगी मागायला गेलो.

ओढा ओटिसच्या कुरणातून जातो. खालच्या अंगाला, सिकॅमोरच्या मोठ्या झाडापाशी एक डोह आहे. आर्डिथ पंचवीस वर्षं दर शनिवारी मासे धरायला जायची आणि मला वाटायचं ती तिथेच असते. मी चार-पाच वेळाच तिच्याबरोबर गेलो असेन. मला धरण आवडायचं. मोटरबोट, जाड दोरा, हाताएवढं आमिष. धरणातला मोठ्या तोंडाचा बास मासा म्हणजे भिजलेली गोणी ओढल्यासारखा येतो. ओढ्यातला लहान तोंडाचा. आमच्याकडे त्याला तपकिऱ्या म्हणतात. अंगाने निम्मा, भांडायला दुप्पट आणि फार संशयी. पाणी इतकं नितळ असतं की टोपीची सावली हलली तरी तो खडकाखाली जातो.

शेवटच्या आजारात ती मला त्या डोहाबद्दल सांगायची. कुठे उभं राहायचं, दोरा कुठे टाकायचा. मी हो हो म्हणायचो आणि टीव्ही बघायचो. काय सांगत होती ते मला आज आठवत नाही. म्हणून मला तिथे जायचं होतं. दुसरं कारण नव्हतं.

ओटिस ऐंशीचा आहे. व्हरांड्यात बसून मटार सोलत होता.

"काय रे लेलंड, रस्ता खरवडायला आलास?"

मी तीस वर्षं काउंटीचा ग्रेडर, म्हणजे रस्ते सपाट करायचं यंत्र, चालवला. ओटिसच्या मते त्याच्या दारासमोरचा रस्ता मी एकदाही नीट केला नाही.

"ओढ्यावर जायचंय. आर्डिथ जायची तिथे."

"ती परवानगी आर्डिथची होती. मोटारीसारखी ती नवऱ्याच्या नावावर होत नाही."

"म्हणून तर मागायला आलो."

त्याने दोन शेंगा सोलल्या. "मासे घरी नेणार?"

"नाही."

"बरोबर कोणी?"

"कोण आहे आता बरोबर यायला?"

त्याने टरफलं बाजूला सारली. मग म्हणाला, "बरं. जा. फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं. एवढं जमेल?"

"ओटिस, माझा जन्म इथलाच आहे."

"म्हणून तर विचारतोय."

जूनभर माझ्या गळाला काही लागलं नाही. तिच्या डबीत जे होतं तेच मी वापरत होतो. शिशाचं वाटाण्याएवढं डोकं असलेला गळ आणि त्यावर करंगळीपेक्षा लहान रबरी किडा. दोरा इतका बारीक की गाठ मारायला मला चष्म्यावर भिंग धरावं लागायचं. एवढ्याशा गोष्टीने मासा मिळतो यावर माझा विश्वासच नव्हता. मी किडा पाण्यात टाकायचो आणि धरणावरच्या सवयीने ओढायचो, नाचवायचो. तपकिरे मागे यायचे, बघायचे, परत जायचे. मला दिसायचे जाताना. एकदा एकाने घेतला तर मी अंगातली सगळी ताकद लावून हिसका दिला. दोरा तुटला. मासा तोंडात गळ घेऊन गेला. त्या दिवशी मी लवकर घरी आलो.

जुलैत मी ओढणं सोडलं. कंटाळून सोडलं, शहाणपणाने नव्हे. डोहाच्या वरच्या टोकाला जिथे पाणी दगडांवरून खळखळत उतरतं, तिथे किडा टाकायचा आणि प्रवाह नेईल तिकडे जाऊ द्यायचा. काठीचं टोक वर धरायचं आणि त्याबरोबर हळूहळू फिरवायचं, म्हणजे दोरा सैलही राहत नाही आणि ताणतही नाही. शिसं तळाच्या गोट्यांना लागत जातं. टक्. टक्. ते हाताला कळायला मला तीन शनिवार लागले. दगडाचं टक् कोणतं आणि माशाचं कोणतं, ते अजून कळायचं होतं.

ऑगस्टमधल्या त्या शनिवारी सकाळी आठलाच अंगाची लाही होत होती. रस्त्यावरचं फाटक लावलेलं होतं. मी आत जाऊन ते पुन्हा लावलं. कुरण ओलांडून मधल्या फाटकाशी आलो. ओढ्याकाठची पट्टी त्या फाटकाच्या पलीकडे आहे. ते सताड उघडं होतं. गाई दूर ओकच्या सावलीत बसल्या होत्या.

मला वाटलं, कोणीतरी विसरलं. ओढ्याच्या बाजूचं कुंपण खालच्या टोकाला कच्चं आहे हे मला माहीत होतं. तीस वर्षांत लोकांच्या किती गाई मी रस्त्यावरून हाकलल्या असतील याला गणती नाही. एका गाईला धडकून एक माणूस गेलेला मी पाहिलाय. मी फाटक ओढलं, साखळी घातली, आणि ओटिसवर उपकार केल्यासारखा खाली उतरलो.

त्या दिवशी पाणी उतरलेलं होतं. मी गुडघाभर पाण्यात, झाडाच्या सावलीत उभा राहिलो. किडा वर टाकला. टक्, टक्, टक्, आणि मग टक् आलंच नाही. दोरा प्रवाहाबरोबर जायचा तो एका जागी थांबला. हाताला काहीच लागलं नव्हतं. मी हिसका दिला नाही. काठी नुसती बाजूला नेली, दार लोटावं तशी, आणि पलीकडे जड काहीतरी हललं.

दोनदा त्याने पाण्याबाहेर उडी मारली. बारीक दोऱ्यावर त्याला ओढता येत नाही, तो पळेल तेव्हा पळू द्यावं लागतं. बराच वेळ गेला. हातात आला तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत लांब होता, डोळे लाल. सोडला. मग दुसरा लागला. मग एक सुटला. आर्डिथ काय सांगत होती ते आता मला थोडंथोडं कळत होतं आणि मला तिथून निघवेना.

वर गाई हंबरत होत्या. मी ऐकलं. गाई हंबरतातच.

एक वाजता मी वर आलो तर फाटकापाशी चाळीस गाई दाटलेल्या होत्या. बाजूचे दोन खांब आडवे झाले होते. एका कालवडीचा खांदा काटेरी तारेने फाटला होता. ओटिस साखळी काढत होता. त्याचा शर्ट घामाने काळा झाला होता. फाटक उघडल्याबरोबर गाई माझ्या दोन्ही बाजूंनी ओढ्याकडे धावल्या.

"वरचं तळं आटलंय," ओटिस म्हणाला. "पहाटे मी स्वतः उघडलं होतं हे फाटक."

"मला वाटलं—"

"तुला काय वाटलं ते विचारलं नव्हतं मी. एकच गोष्ट सांगितली होती."

मी आडवा पडलेला एक खांब उचलायला वाकलो.

"घरी जा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवदाराचे दोन खांब, तार आणि पहार पिकअपमध्ये टाकून गेलो. विचारलं नाही. खड्डे खणायला घेतले. तासाभराने ओटिस काठी टेकत आला. मी खांब ठोकत होतो, तो ओळंबा बघितल्यासारखा एक डोळा मिटून उभा होता.

"तिरका आहे."

मी सरळ केला.

"कालवड कशी आहे?"

"नऊ टाके. जगेल." मग तो म्हणाला, "दोन वर्षं."

"काय दोन वर्षं?"

"दोन वर्षं या कुरणात पाय ठेवायचा नाही. आर्डिथलाही दोनच दिली होती."

मी पहार खाली ठेवली.

"तिने हेच फाटक लावलं होतं," ओटिस म्हणाला. "पहिल्याच उन्हाळ्यात. माझी एक गाय मेली. तुझ्या हातून मेली नाही, पण तू इथला. ती बिचारी शहरातली, सेंट लुईची. म्हणून शिक्षा सारखीच."

"अरे, पण ती दर शनिवारी जायची. काठी घेऊन."

"जायची ना. पुलावर जायची. काउंटीच्या रस्त्यावर कोणाला बंदी करता येत नाही."

"मला बोलली नाही कधी."

"मलाच म्हणाली, लेलंडला कळू देऊ नका, तो ग्रेडर घेऊन भांडायला येईल."

"आलो असतो."

"माहीत आहे. म्हणून तर गप्प बसलो."

मी उरलेली तार ताणली. ती दोन वर्षं मी दर शनिवारी धरणावर असायचो. ती संध्याकाळी परत यायची, मी विचारायचो काही लागलं का, ती म्हणायची नाही लागलं. त्यापुढे मी कधी विचारलं नाही.

"ओटिस, मी एकोणसत्तरचा आहे."

"मी ऐंशीचा. मला कोणी सवलत देतंय का?"

पुढच्या शनिवारी मी पुलावर गेलो. बुटका काँक्रीटचा पूल आहे, पुरात पाणी त्याच्यावरून जातं. या पुलाची वाट तीस वर्षं मीच सपाट करायचो. खाली एक उथळ डोह आहे. गाड्या जातात, पोरं दगड मारतात, उन्हाळ्यात माणसं ट्यूबवर बसून वाहत येतात. इथल्या माशांनी सगळं बघितलेलं आहे. माझ्याकडचं सगळ्यात हलकं शिसंही इथे जड पडलं. मी ते कानशीने घासून निम्मं केलं. पुलावर गुडघे टेकून बसलो, सावली मागे पडेल अशा बाजूला. आर्डिथ हात हलका ठेवायला इथेच शिकली असणार. ओटिसच्या डोहात काय, तिथे कोणालाही मिळतात.

दुपारी ओटिसचा पिकअप आला. पुलावर हळू झाला. त्याने काच खाली केली.

"काही?"

"दोन. बोटभर."

त्याने माझ्या काठीकडे, मग पाण्याकडे पाहिलं.

"पहिल्या वर्षी तिला एकही लागला नव्हता," तो म्हणाला आणि पूल ओलांडून गेला.